मूठ मिटत नाही

चुलीशेजारी दोन मडकी आहेत.
एक माझं, एक तुझं.
तुझ्यावर झाकण आहे, माझ्यावर नाही.
भात टाकण्याआधी, रोज दोन्ही वेळा,
मापातली एक मूठ तुझ्यात टाकायची,
हे मला आईनं शिकवलं, आईला तिच्या सासूनं.
चंफाईकडच्या या डोंगरांत
घर कितीही वाकलेलं असो, एवढं ठरलेलं.
शनिवारी झोलुआई टोपली घेऊन उतरणीवरून येते
आणि दारातूनच विचारते,
"पी रोह्मिंगी, झालं का?"

आज तिला काय सांगू?

गेल्या थंडीत माझा उजवा हात गेला.
गेला म्हणजे आहे, खांद्याला आहे,
पण बोटं ऐकत नाहीत.
तांदळात घालते, उचलते,
सगळं सांडतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी झाकतच नाही, तिचं मोल काय करशील?
डाव्या हातानं टाकते मग, चोरासारखी.

चोरीचं निघालंच आहे तर ऐक.
तुला ठाऊक आहे, तरी ऐक.

बांबू फुलला, त्या साली
उंदरांनी उभं शेत नेलं.
सांगझुआला चार वर्षांचा होता.
रात्री मी त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवायची,
जशी एखादी बाई वेतावर वीण मोजते.
माझं मडकं पालथं पडलेलं. तुझं अर्धं.
झाकण ओल्या फडक्यात धरून उचललं,
आवाज होऊ नये म्हणून,
जणू तू पलीकडच्या खोलीत निजला होतास.
त्या रात्री तीन मुठी. दुसऱ्या रात्री चार.
पुढचं सांगत नाही, एकूण एकतीस.

शनिवारी झोलुआईची आई आली. तेव्हा तीच यायची.
मी म्हटलं, "या खेपेला कमी आहे."
तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे,
मग टोपलीत हात घालून
दोन मुठी मडक्यात टाकल्या आणि चढण चढून गेली.
मडकं कुणाचं, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पोर जगलं.
आता ऐझॉलच्या रस्त्यावर ट्रक चालवतं,
फोनवर ओरडून बोलतं, वेळेवर जेवत नाही.
त्याच्यापायी मी एकतीस मुठी फेडल्या.
पुन्हा एकतीस, व्याज म्हणून.
पुन्हा एकदा, भीती म्हणून.
तरी हिशेब मिटेना.
मी नेला तो तांदूळ होता,
तू दिलंस ते पोर.
तेवढी मूठ कुठल्या हाताची असते?

काल देवळात ढोल थांबल्यावर
मी या हाताकडे बघत बसले होते.
उताणा, मांडीवर, बोटं अर्धी वळलेली.
आणि एकदम आठवलं,
तुझेही हात मिटत नव्हते.
खिळा असला की मूठ वळत नाही.
येशू, मी बावन्न वर्षं मुठीनं मोजत राहिले
आणि तू उघड्या हातानं दिलंस,
सांडू दिलंस.

म्हणून आज असं करते.
डाव्या हातानं उजवा उचलते
आणि तुझ्या मडक्यात ठेवते, मनगटापर्यंत.
हा घे. याच्यामागे खांदा आहे, तोही घे.
उतरणीला कुरकुरणारे गुडघे घे,
नवरा गेला त्या वर्षी तुझ्याशी धरलेला अबोला घे,
राहिलेल्या सकाळी घे, त्या थोड्या असतील,
आणि शेजारणीचा हेवा, तो बराच आहे.
निवडून देत नाही. निवडायला बसले
तर पुन्हा मूठच होईल.

झाकण आता बसत नाही.

झोलुआई दारात उभी आहे, टोपली कमरेला.
म्हणते, "पी, हात काढा ना,
तांदूळ ओतायचाय."
काढते.
तळव्याला दोन दाणे चिकटलेत.
कुठल्या मडक्याचे,
मी आता विचारत नाही.